फेसणारा हात आणि फेसणारं यंत्र



हल्ली गटांच्या मासिक बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, ते केकचं फेटायचं उभं मशीन येतं ना, ते गटासाठी घ्यावं का?" प्रश्न बरोबर आहे. दिवाळीला नानकटाईची मागणी असते, डिसेंबरात केकची असते. शाळा सुरू झाली की नाचणीची बिस्किटं मागतात. हात तेवढेच आहेत आणि काम वाढलंय. या मशीनला स्टँड मिक्सर म्हणतात. बाजारात ते पाच-सहा हजारांपासून चाळीस-पन्नास हजारांपर्यंत मिळतं. बचत गटासाठी ही काही लहान रक्कम नाही.

म्हणून आम्ही समन्वयक बायकांनी ठरवलं, की घ्या किंवा घेऊ नका हे सांगायच्या आधी या यंत्राचा इतिहास सांगायचा. ते कुणी केलं, कुणासाठी केलं, आणि आपल्या आधी ज्या बायकांच्या घरात ते गेलं त्यांचं पुढं काय झालं. कारण यंत्राची किंमत दुकानदार सांगतो. ते घरात आल्यावर काय बदलतं, हे मात्र त्याच्या पावतीवर लिहिलेलं नसतं.

आधी फेसणं म्हणजे काय ते बघू. आपल्याला हे काही नवीन नाही. वड्याची डाळ वाटली की आपण ती हातानं फेसतो आणि थेंबभर पाण्यात टाकून बघतो. तरंगला की डाळ झाली. का तरंगतो? कारण फेसताना आपण त्या डाळीत हवा भरलेली असते. नानकटाईला तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळव्यानं फेसतो, तेव्हाही हेच होतं. तूप पांढरं पडतं, हलकं होतं, फुगतं. साखरेचे बारीक कण तुपात हवेची लहान लहान घरं करतात. भट्टीत गेल्यावर ती हवा गरम होऊन पसरते आणि नानकटाई खुसखुशीत होते. केकचंही तेच. म्हणजे केक काय, बिस्किट काय, त्यात सगळ्यात महागाची वस्तू तूप नाही आणि लोणीही नाही. सगळ्यात महाग आहे ती हवा, आणि ती भरायला लागतो हात.

हा हात किती लागायचा, याचा एक जुना लेखी पुरावा आहे. इंग्लंडमध्ये हॅना ग्लास नावाच्या बाईंनी १७४७ साली स्वयंपाकाचं एक पुस्तक छापलं. ते पुढं शंभर वर्षं तरी चाललं. त्यात पाउंड केकची कृती आहे. लोणी, साखर, पीठ सगळं एकेक पाउंड, म्हणजे आपलं साडेचारशे ग्रॅम, आणि डझनभर अंडी. त्या सांगतात, की लोणी मातीच्या भांड्यात घेऊन हातानं एकाच दिशेनं फेसा, दाट साय दिसेपर्यंत. मग बाकीचं घाला आणि सगळं मिळून तासभर फेसा, हातानं किंवा मोठ्या लाकडी डावानं. बघा मैत्रिणींनो, "एकाच दिशेनं फेस गं, उलटा हात फिरवू नको" हे आपल्या आज्यांचं वाक्य सातासमुद्रापलीकडेही होतं.

पण त्या तासभरात एक गोम आहे. ज्या घरात लोणी, साखर आणि डझनभर अंडी एका केकला जायची, त्या घरात फेसायला मालकीणबाई बसत नव्हत्या. नोकरीला ठेवलेली पोरगी बसायची. केक मालकिणीच्या नावावर आणि दंड दुखायचे दुसरीचे. पुस्तकात साहित्याचं माप पाउंडात दिलंय, वेळाचं माप तासात दिलंय, पण तो तास कुणाचा, याचं माप कुठंही नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

पुढच्या शतकात दोन सुधारणा झाल्या. पहिली बेकिंग पावडर. १८४३ साली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्यानं ती तयार केली. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं, म्हणून बिनयीस्टचा पाव फुगावा यासाठी ही खटपट होती. थोडी हवा पावडर भरू लागली, हाताचं काम तेवढं हलकं झालं. दुसरी सुधारणा अंडी फेटायच्या यंत्राची. वर दांडी, बाजूला फिरवायची मूठ, दात्यांचं चाक आणि खाली दोन फिरणारी पाती. १८७० नंतर अमेरिकेत ते घरोघरी दिसू लागलं. १८८४ साली विलिस जॉन्सन नावाच्या कृष्णवर्णीय कारागिरानं अशाच एका फेटायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८८५ मध्ये रुफस ईस्टमननं विजेवर चालणाऱ्या मिक्सरचंही पेटंट घेतलं, पण तेव्हा घरात वीजच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, चला, बायकांचे हात सुटले. पण झालं उलटंच. अंडी फेटणं सोपं झालं म्हटल्यावर नव्या पाककृती निघाल्या. एंजल केक नावाचा पांढराशुभ्र, कापसासारखा केक लोकप्रिय झाला. त्याला दहा-बारा अंड्यांचा नुसता पांढरा बलक लागतो, तो वेगळा काढायचा आणि घट्ट फेस येईपर्यंत फेटायचा. आधी साधा केक चालत होता, आता पाहुण्यांना तो पांढरा हवा झाला. यंत्रानं वाचवलेला वेळ नव्या केकनं खाल्ला. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकेतल्या इतिहासकार बाईंनी १९८३ साली यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थच "आईला आणखी काम" असा आहे. त्याच्याकडे आपण परत येऊ.

उभ्या मिक्सरची खरी गोष्ट सुरू होते १९०८ साली, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. हर्बर्ट जॉन्स्टन नावाचे एक इंजिनिअर होते, होबार्ट नावाच्या कंपनीत. त्यांनी एका बेकरीत पाहिलं, की बेकरीवाला लोखंडी डावानं कणकेचा मोठा गोळा ढवळतोय आणि घामाघूम झालाय. त्यांना वाटलं, हे काम मोटारीनं होईल. त्यांनी काही वर्षं खटपट केली. १९१४ च्या सुमाराला ८० क्वार्टचं, म्हणजे जवळजवळ ७५ लिटरचं भांडं असलेलं यंत्र बाजारात आलं. ते बेकऱ्यांनी घेतलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या आरमारानं आपल्या जहाजांवरच्या स्वयंपाकघरांत ते बसवलं.

इथं जरा थांबू. कणीक मळणं, पीठ ढवळणं, लोणी फेसणं हे काम हजारो वर्षं घरोघरी बायका करत होत्या. त्यांचे खांदे दुखत नव्हते का? दुखत होते. पण मोटार कुणाचा घाम बघून निघाली? बेकरीवाल्याचा. आणि पहिल्यांदा बसली कुठं? बेकरीत आणि लढाऊ जहाजावर. कारण तिथं माणसाच्या तासाला पगार होता. जिथं तासाचे पैसे द्यावे लागतात, तिथं तास वाचवायची घाई असते. घरातला तास फुकट होता, म्हणून त्याची कुणाला घाई नव्हती.

हे आपल्याकडेही तसंच झालं. आपल्या गावांत वीज आली तेव्हा ती शेतात विहिरीवरच्या मोटारीला लागली, कारण पाण्यावर पीक आणि पिकावर पैसा. स्वयंपाकघरात एक दिवा लागला. पाटा-वरवंटा, जातं, रवी हे सगळं पुढं कितीतरी वर्षं हातावरच चाललं.

असो. होबार्ट कंपनीनं घरासाठी लहान मिक्सर काढला तो १९१९ साली. त्याला नाव दिलं किचनएड, म्हणजे स्वयंपाकघरातला मदतनीस. अशी हकिकत सांगतात, की कंपनीतल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोनं घरी यंत्र वापरून पाहिलं आणि म्हणाली, याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, पण मला आजवर मिळालेला हा सगळ्यात चांगला मदतनीस आहे. त्या यंत्राचं वजन होतं ६५ पाउंड, म्हणजे जवळजवळ ३० किलो. पोत्याएवढं! आणि किंमत १८९ डॉलर ५० सेंट. ही किंमत केवढी होती ते ऐका. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी अमेरिकेत फोर्डची नवी मोटारगाडी ३०० डॉलरच्या आत मिळत होती.

एवढं महाग आणि अनोळखी यंत्र दुकानदार ठेवायला तयार होईनात. मग कंपनीनं काय केलं? विकायला बायका नेमल्या. त्या दारोदार जायच्या, घरच्या बाईसमोर यंत्र मांडायच्या, तिच्याच स्वयंपाकघरात तिच्याच पिठाचं काहीतरी करून दाखवायच्या. जे दुकानाच्या काचेत विकलं जात नव्हतं, ते बाईनं बाईला दाखवून विकलं गेलं. पापड, मसाले, गोधड्या घेऊन आपण प्रदर्शनात उभ्या राहतो, चव दाखवतो, हातात देतो. ती विक्रीची पद्धत किती जुनी आणि किती पक्की आहे, ते यावरून कळतं.

१९३० साली सनबीम कंपनीचा मिक्समास्टर आला. तो मूळ स्वीडनच्या आयव्हर जेप्सन या तंत्रज्ञानं केला होता. दोन पाती, हलका, आणि बराच स्वस्त. तो मध्यमवर्गीय घरांत गेला. १९३७ मध्ये एग्मॉन्ट अरेन्स या कलाकारानं किचनएडला नवा आकार दिला. गुळगुळीत, गोल डोक्याचं ते रूप आजही जवळपास तसंच आहे. आज आपल्या तालुक्याच्या दुकानात जी मशिनं दिसतात, त्यांच्यातल्या कितीतरींचं रूप त्याच्याच वळणाचं आहे. इंग्लंडमध्ये केनेथ वुड यांनी १९५० साली केनवुड शेफ काढला. तेव्हा तिथं युद्धानंतरचं रेशनिंग अजून चालू होतं. साखर रेशनवर आणि मिक्सर मात्र बाजारात, अशी गंमत.

पण हे सगळं शहरांत. खेड्यातल्या बायकांचं काय? १९३० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत दर दहा शेतकरी घरांपैकी साधारण एकाच घरात वीज होती. शहरं लखलखत होती आणि शेतकरी बाई कंदिलाच्या उजेडात हातानं लोणी घुसळत होती. वीज कंपन्या म्हणायच्या, एवढ्या लांब एका घरासाठी तारा टाकणं परवडत नाही. मग १९३६ साली सरकारनं ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा केला. त्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढायच्या, सरकारकडून कर्ज घ्यायचं आणि आपल्या तारा आपणच टाकायच्या, अशी सोय होती. म्हणजे तिथल्या खेड्यांत मिक्सर पोचला तो सहकाराच्या तारेवरून. आपल्या साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तारा आल्या तरी बायकांना विजेची भीती वाटायची. तेव्हा सरकारी खात्यातल्या काही बायका गावोगाव फिरल्या. त्यात लुइसान मॅमर नावाच्या एक होत्या, स्वतः इलिनॉय राज्यातल्या शेतकरी घरात वाढलेल्या. मोठे तंबू ठोकून त्या हजारो लोकांसमोर विजेच्या उपकरणांवर स्वयंपाक करून दाखवायच्या. लोक त्याला सर्कस म्हणायचे. शेतकऱ्याच्या लेकीनं शेतकऱ्यांच्या बायकांना शिकवलं, म्हणून ते पटलं.

आता आपल्याकडं येऊ. भट्टीत भाजायची कला आपल्याकडं पश्चिम किनाऱ्यावरून पसरली. गोव्यात पोर्तुगिजांनी पाव आणला. पीठ फुगवायला यीस्ट नव्हतं, तर माडाची सूर वापरली. सुरतेला डच लोकांच्या भट्टीतून नानकटाई निघाली असं सांगतात, आणि ती आपली झाली. आपल्या घरांत चूल होती, भट्टी नव्हती. तरीही आपल्या आयांनी उपाय काढला. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप घरून घ्यायचं, फेसायचं घरी, गोळे वळायचे घरी, आणि पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत भाजायला न्यायचे. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि पुढं ज्यांना साजूक तूप परवडत नव्हतं, त्यांच्याही घरी नानकटाई होऊ लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या आधी बेकरीसमोर ट्रे घेतलेल्या बायकापोरांची रांग तुमच्यापैकी कितीजणींनी पाहिली असेल. बेकरीवाला पैसे घ्यायचा ते भाजण्याचे, किलोवर. फेसण्याचे पैसे कुणी कुणाला दिले नाहीत.

यंत्राच्या बाबतीत आपला देश नुसता घेणारा नव्हता, हेही सांगायला हवं. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडं परदेशी बनावटीचा मिक्सर होता. त्याची मोटार जळाली. जळणारच, तो फळांचा रस आणि मऊ पदार्थ यांसाठी केलेला. त्याला काय माहीत आपली भिजवलेली डाळ, सुकं खोबरं आणि हळकुंड! माथुरांनी मग आपल्या वाटणाला टिकेल अशी मोटार बनवली. तो सुमीत मिक्सर. आज घराघरांत जो मिक्सर-ग्राइंडर आहे, त्याचा रस्ता तिथून फुटला. एका बाईच्या रोजच्या कामातली अडचण कुणीतरी ऐकली, म्हणून हे झालं. शहाणपण एवढंच, की यंत्र आपल्या पदार्थाला जुळलं पाहिजे, पदार्थानं यंत्राला नव्हे.

यंत्र आलं की काही जातं, तेही बघू. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं दळण सुटलं. कुणीही बाई ते दळण परत मागणार नाही. पण जात्याबरोबर जात्यावरच्या ओव्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी प्वाटवां या दोघांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून त्या ओव्या गोळा केल्या, त्या १ लाखाहून जास्त भरल्या. दळता दळता बाई आपलं सुखदुःख बोलत होती. दळण संपलं ते बरंच झालं. पण बोलायची ती जागा गेली, तिच्या बदली दुसरी जागा कुणी दिली नाही. ती आपणच शोधली. आमच्या मते, ती जागा म्हणजे आपली गटाची बैठक.

आता कोवनबाईंच्या पुस्तकाकडं परत येऊ. धुण्याचं यंत्र, झाडण्याचं यंत्र, फेटण्याचं यंत्र असं सगळं अमेरिकन घरांत आलं. मग तिथल्या गृहिणींचं काम किती कमी झालं असेल? तिकडच्या अभ्यासकांनी मोजणी केली. १९२० च्या दशकात पूर्णवेळ घर सांभाळणाऱ्या बाईचे आठवड्याला ५० तासांहून जास्त घरकामात जात होते. १९६० च्या दशकातही ५० तासांहून जास्तच जात होते. चाळीस वर्षांत दारात इतकी यंत्रं आली आणि तास तिथंच! असं का? घरातली गडीमाणसं गेली, ते सगळं काम एकटीवर आलं. कपडे आठवड्याला धुवायचे ते रोज धुवायचे झाले. केक सणाला व्हायचा तो रविवारी व्हायचा झाला. कष्ट हलके झाले हे खरं, अंगमेहनत कमी झाली हेही खरं. पण वेळ बाईच्या हातात आला नाही, कारण वाचलेल्या वेळाचं काय करायचं हे तिनं ठरवलेलं नव्हतं. ते इतरांच्या अपेक्षांनी ठरवलं.

मैत्रिणींनो, या सगळ्या इतिहासातून आपल्या गटांनी काय घ्यायचं, ते आता आमच्या अनुभवातून सांगतो.

आम्ही ज्या अकरा जणींच्या गटाबरोबर काम करतो, त्यांनी मागच्या वर्षी अंतर्गत कर्जातून पाच लिटर भांड्याचा मिक्सर घेतला. १००० वॉटचा. आल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत कोषाध्यक्ष काकू खर्च लिहायला बसल्या. हजार वॉटचं यंत्र तासभर चाललं तर एक युनिट जळतं. युनिटला १० रुपये धरले. आमच्या चार घाण्यांना मिळून यंत्र तासभरही चालत नाही. म्हणून वहीत लिहिलं, "फेसण्याची वीज, १० रुपये." तेव्हा गटातली सगळ्यात धाकटी सून म्हणाली, "काकू, आजवर या हातानं फेसलं, त्याची वीज कुठं लिहिली होती?"

बैठक शांत झाली. कारण तिचा प्रश्न एका वहीपुरता नव्हता. बहुतेक गटांच्या वहीत मैदा असतो, तूप असतं, सरपण असतं, रिक्षाभाडं असतं. हाताला रकाना नसतो. हॅना ग्लास यांच्या पुस्तकात तो नव्हता, बेकरीवाल्याच्या हिशोबात नव्हता, आपल्याही वहीत नसतो. यंत्राला वीज लागते, वीजेला बिल येतं, म्हणून ते वहीत चढतं. हाताला बिल येत नाही.

त्या दिवशी गटानं बसून हिशोब केला. हातानं एक घाणा फेसायला पाऊण तास लागायचा, चार घाण्यांना तीन तास. यंत्र तेच प्रत्येकी दहा-बारा मिनिटांत करतं. म्हणजे दोन-सव्वादोन तास वाचले. मग पुढचा प्रश्न आला, या दोन तासांचं काय करायचं? एकजण म्हणाली, आणखी चार घाणे काढू. दुसरी म्हणाली, मागणी नसताना माल काढून कुणाला घालायचा? खूप बोलणं झालं, थोडं भांडणही झालं. शेवटी तीन गोष्टी ठरल्या.

पहिली, यंत्र एकीच्या घरी राहणार नाही. ते गटाच्या खोलीत राहील, तिथंच वापरायचं, पाळीनं. कारण ज्या घरात यंत्र, त्या घरची सून त्याची कायमची चाकर होते.

दुसरी, वहीत "हात" नावाचा रकाना आला. फेसणं यंत्र करतं, पण वळणं, भाजणं, पॅकिंग, धुणं हातच करतात. ज्या जितके तास येतील तितके लिहायचे आणि मालाची किंमत ठरवताना ते तास धरायचे. किंमत थोडी वाढली. दोन गिऱ्हाइकं गेली. बाकीची राहिली.

तिसरी, वाचलेल्या वेळातला एक तास काम काढायचं नाही. त्या तासात बसायचं. कुणी चहा घेतं, कुणी मोबाइलवर हिशोब शिकतं, कुणी नुसतं भिंतीला टेकतं. घरी विचारलं तर सांगायचं, बैठक आहे. आणि ती असतेच!

लिज्जतचं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथंही पीठ एका जागी तयार होतं आणि लाटणं घरोघरी होतं, आणि लाटणाऱ्या बाईला तिच्या लाटण्याचे पैसे मिळतात. काम कुठलं एकत्र करायचं, कुठलं वाटून घ्यायचं आणि पैसे कशाचे द्यायचे, हे त्यांनी आधी ठरवलं. यंत्र घ्यायच्या आधी हेच ठरवायचं असतं.

ज्या गटांनी घ्यायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी वापराच्या चार गोष्टी. मिक्सरबरोबर तीन पाती येतात. चपटं पातं तूप-साखर फेसायला. तारांचा फुगा अंडी आणि क्रीम फेटायला. वाकडा आकडा पावाची सैल कणीक मळायला. पातं स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी भांड्याभोवतीही फिरतं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसं, म्हणून कडेचं मिश्रण सुटत नाही. पुरीची किंवा शंकरपाळ्याची घट्ट कणीक त्यात घालू नका, मोटार तापते. तूप वितळलेलं नको, थिजलेलं दगडही नको. बोट दाबलं की खड्डा पडेल इतकं मऊ हवं. सुरुवात कायम हळू गतीनं करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मैदा किंवा गव्हाचं पीठ शेवटी घाला, ते यंत्रानं जास्त फिरवू नका. गव्हाला चिकटा असतो. जास्त फिरवलं की तो ताणतो आणि केक चिवट होतो. नाचणी, ज्वारीला तो चिकटा नसतो, त्यामुळं नाचणीच्या बिस्किटात तूप-साखर नीट फेसलेली असणं जास्त गरजेचं. दुकानातून घेताना जवळ दुरुस्ती कुठं होते आणि पाती सुटी मिळतात का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल गटाच्या नावानं घ्या, एकीच्या नावानं नको.

आणि ज्या गटांना आत्ता परवडत नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. तुमच्या परातीत जी हवा भरली जाते, ती यंत्रातल्या हवेपेक्षा कमी दर्जाची नाही. फक्त ती फुकट नाही, एवढं ध्यानात ठेवा. पुढच्या बैठकीत वही उघडली की खर्चाच्या पानावर एक उभी रेघ जास्त मारा आणि वर लिहा, "हात." महिनाभर तास लिहून बघा. मग यंत्र घ्यायचं की नाही, घेतलं तर किती किमतीचं, हे आम्हाला विचारायची गरज पडणार नाही. ते तुमची वहीच सांगेल.

पुढच्या भागात भट्टीबद्दल बोलू, लाकडाची, गॅसची आणि विजेची. तोवर काळजी घ्या. नमस्कार.